गाईचं बंद करून शेळीचं? थांबा! तान्ह्या बाळाच्या पोटातली दुधाची ॲलर्जी

राम राम मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथून बघत असाल तिथून, आज बोलायचंय वर्षाच्या आतल्या बाळांबद्दल.

बाळाला वरचं दूध सुरू केलं आणि उलट्या लागल्या, नाहीतर शीमध्ये रक्ताची रेघ दिसली, नाहीतर वजन वाढायचंच थांबलं, की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: गाईचं बंद कर, शेळीचं दे. ते नाही सोसलं तर म्हशीच्या दुधात पाणी घालून बघ. मग पावडरचा डबा. मग दुसऱ्या कंपनीचा डबा. हा फेरा संपेपर्यंत बाळाच्या बरगड्या मोजता येतात, आणि मग ते आमच्या ओपीडीत येतं.

म्हणून मुद्द्याचं आधी. ज्या बाळाला गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी आहे, त्यातल्या दहापैकी नऊ बाळांना शेळीचं आणि म्हशीचं दूधही चालत नाही. प्राणी वेगळा असला तरी केसिन आणि व्हे ही प्रथिनं जवळजवळ सारखीच असतात. शरीर प्राणी ओळखत नाही, प्रथिनाचा आकार ओळखतं. दूध उकळून, पातळ करून, सुंठ टाकून हे बदलत नाही. दही लावलं, ताक केलं, तरी प्रथिन तिथंच.

आणि 'लॅक्टोज-फ्री' लिहिलेला डबा? लॅक्टोज ही दुधातली साखर. साखर काढली, प्रथिन तसंच राहिलं. जुलाबानंतर काही दिवस साखर न पचणं हा वेगळा प्रश्न आहे. त्याची आणि ॲलर्जीची गल्लत डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरसुद्धा दिसते, हे मी डॉक्टर असूनच सांगतोय.

आता 'ॲलर्जी' म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काय येतं? अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली. तीही असते, आणि ती दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. त्यासाठी आयजीई नावाची रक्ततपासणी आहे, त्वचेवर टोचून करायची चाचणी आहे. पण आज मी ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या आतड्याच्या ॲलर्जी आहेत. यांच्यात बहुतेक वेळा गांधी नाहीत, सूज नाही, आणि या दोन्ही तपासण्या नॉर्मल येतात. 'शंभर पदार्थांची ॲलर्जी एका रक्तात' अशी जी पॅकेजेस विकली जातात, त्यात पैसे घालू नका. या आजाराचं उत्तर त्या कागदावर नसतं. ते असतं आईच्या, आजीच्या सांगण्यात. काय पाजलं, किती वाजता, आणि त्यानंतर काय झालं.

या पोटाच्या ॲलर्जीचे तीन चेहरे आहेत. पहिला सौम्य, तो पटकन उरकतो.

बाळ अंगावर पितंय, हसतंय, वजन वाढतंय, पण शीमध्ये शेंबडासारखा चिकटा आणि रक्ताच्या रेघा. हा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा दाह. आईने खाल्लेल्या दुधातलं प्रथिन अगदी सूक्ष्म प्रमाणात तिच्या दुधात उतरतं, तेवढंही एखाद्या बाळाला पुरतं. इथं सगळ्यात मोठी चूक कोणती, तर अंगावरचं तोडणं. ते तोडायचं नाही. बंद करायचं ते आईच्या ताटातलं दूध, दोन ते चार आठवडे. बहुतेक बाळांचं रक्त काही दिवसांतच थांबतं. थांबलं की आईने पुन्हा दूध घेऊन बघायचं. रक्त परत आलं तर निदान पक्कं, नाही आलं तर ॲलर्जी नव्हतीच, पथ्य संपलं. हा 'पुन्हा घेऊन बघायचा' भाग घरोघरी गाळला जातो, आणि मग बाळंतीण वर्षभर कारण नसताना सुकी भाकरी खात बसते. मात्र पुन्हा घेऊन बघणं फक्त या सौम्य प्रकारात, आणि डॉक्टरांना सांगून.

एक लक्षात ठेवा, रक्ताची रेघ म्हणजे ॲलर्जीच असं नाही. गुदद्वाराला चीर पडली असली तरी रेघ दिसते. जन्मल्यावर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिळालं नसेल, म्हणजे घरीच बाळंतपण झालेलं असेल, तर रक्तस्राव गंभीर असू शकतो. आधी डॉक्टर, मग पथ्य.

दुसरा चेहरा मात्र अंगावर काटा आणणारा. याचं नाव लांबलचक आहे: फूड प्रोटीन-इंड्यूस्ड एन्टेरोकोलायटिस सिंड्रोम. आम्ही 'एफपाइज' म्हणतो, तुम्हीही तेच म्हणा.

हा कसा दिसतो ते एका बाळावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पारोळ्याकडचं कुटुंब, चार महिन्यांचं पोरगं, सून शेतात कामाला जायला लागली म्हणून आजीने बाटलीने म्हशीचं दूध सुरू केलेलं. पहिल्या वेळी सकाळी दूध पाजलं, दुपारच्या आत पोरगं ओकायला लागलं. एकदा दोनदा नाही, पोटात काही उरलं नाही तरी ओकतच राहिलं. मग पांढरंफटक पडलं, मान टाकली. दवाखान्यात नेलं, सलाइन लागली, संध्याकाळी टवटवीत. पोटात इन्फेक्शन म्हणून सुट्टी. काही दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा जळगावचा पारा ४५ च्या आसपास होता, म्हणून ऊन लागलं असं ठरलं. तिसऱ्या वेळी शेजारणीने दृष्ट काढली, आणि कुणीतरी पोटाला बिब्बा लावायला सांगितला.

तो बिब्बा आजीने लावू दिला नाही. तिने मला जे सांगितलं ते मी माझ्या विद्यार्थ्यांना जसंच्या तसं सांगतो: "साहेब, दूध पाजं का दोन घंट्यानं व्हतं. अंगावर पेतं तव्हा काहीच नाही व्हत." मग तिने पिशवीतून डेअरीचं कार्ड काढलं. रोज किती लिटर दूध घातलं ते लिहायचं कार्ड. त्याच्या मागच्या बाजूला शाळेत जाणाऱ्या मोठ्या नातवाकडून तिन्ही वेळच्या वेळा लिहून घेतल्या होत्या. पाजलं किती वाजता, ओकलं किती वाजता. निदान त्या कार्डावर होतं. मी फक्त ते वाचलं.

एफपाइजचं घड्याळ असं चालतं. पदार्थ पोटात गेल्यावर साधारण १ ते ४ तासांनी उलट्यांचा सपाटा. बाळ फिकट, गळाठलेलं, अंग गार. ५ ते १० तासांनी काहींना पातळ जुलाब. आतड्याच्या भिंतीतून पाणी आत झिरपतं, रक्तातलं पाणी कमी होतं, रक्तदाब पडतो. झटका आलेल्या बाळांपैकी सुमारे १५ टक्के शॉकपर्यंत जातात. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या, म्हणून जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू होतं. त्यात डॉक्टरांचा दोष काढू नका. इतक्या लहान जिवात जंतुसंसर्ग आधी गृहीत धरावाच लागतो. पण तोच झटका, त्याच पदार्थानंतर, तेवढ्याच तासांनी पुन्हा आला, तर घड्याळाकडे बघायलाच हवं.

उपचार दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा झटक्याचा. बाळ वारंवार ओकतंय आणि मलूल आहे, तर घरी काहीही पाजत बसू नका, १०८ ला फोन करा, जवळच्या दवाखान्यात शिरेतून पाणी लागलं पाहिजे. तिथं साधारण किलोमागे २० मिली या हिशोबाने सलाइन वेगाने देतात, गरज पडली तर पुन्हा देतात. सहा महिन्यांवरच्या बाळाला उलटी थांबवणाऱ्या ऑन्डॅन्सेट्रॉनचा चांगला उपयोग होतो. सूज-गांधीच्या ॲलर्जीत जीव वाचवणारं ॲड्रिनॅलिन इथं मुख्य औषध नाही, आणि ॲलर्जीच्या गोळ्या-सिरप तर कामाचेच नाहीत. पाणी हेच औषध.

मध्येच एक महत्त्वाचं सांगतो. उलटी हिरवी असेल तर ॲलर्जीचा विचार बाजूला ठेवा, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तीन ते सहा आठवड्यांचं बाळ प्रत्येक पाजणीनंतर पिचकारीसारखं ओकत असेल तर जठराचं तोंड आवळलेलं असू शकतं. बाळ थांबून थांबून किंचाळतंय, पाय पोटाशी घेतंय आणि शी लाल जेलीसारखी झालीय, तर आतड्यात आतडं अडकलेलं असू शकतं. या तिन्हीत सर्जन लागतो, आणि तोही त्याच दिवशी.

दुसरा टप्पा म्हणजे तो पदार्थ बंद करणं. ऐकायला किती सोपं! पण सगळी मेख इथंच आहे.

एफपाइजच्या बाळाचं दूध बंद. मग काय द्यायचं? अंगावरचं येत असेल तर तेच, बिनधास्त. आणि इथं आईचं दूध-दही बंद करायची सहसा गरज नसते. पारोळ्याच्या त्या पोराला अंगावरच्या दुधाने काहीच होत नव्हतं, मग त्याच्या आईला उपाशी का ठेवायचं? रक्ताच्या रेघेतलं पथ्य आणि एफपाइजमधलं पथ्य वेगळं आहे, सरसकट एकच कागद सगळ्यांच्या हातात देऊ नये.

अंगावरचं अजिबात नसेल तर खास डबे लागतात. (टेबलावर दोन वाट्या ठेवतो.) ही बघा, ही ज्वारी भरडलेली, आणि हे ज्वारीचं पीठ. साध्या पावडरमध्ये दुधाचं प्रथिन अख्ख्या दाण्यासारखं असतं. 'एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड' डब्यात ते बारीक भरडलेलं असतं, इतकं की बहुतेक बाळांचं शरीर त्याला ओळखत नाही. दुधाची ॲलर्जी असलेल्या साधारण ९० टक्के बाळांचं यावर भागतं. उरलेल्यांना तो भरडाही खुपतो. त्यांच्यासाठी अमिनो ॲसिडचा डबा, म्हणजे पार पीठ. ज्याचं वजन घसरलंय, ज्याचे झटके भयंकर आहेत, ज्याला अनेक पदार्थ सोसत नाहीत, त्याला आम्ही बऱ्याचदा थेट हाच देतो. 'पार्शली हायड्रोलाइज्ड' किंवा 'कम्फर्ट' असं काही लिहिलेला डबा उपचारासाठी चालत नाही, त्यात मोठे तुकडे शिल्लक असतात. सोयाचा डबा सहा महिन्यांच्या आत नको, आणि दुधाचा एफपाइज असलेल्या काही बाळांना सोयाही सोसत नाही.

डब्याचं नाव सांगा म्हणाल, तर सांगणार नाही. आपल्याकडे १९९२ चा शिशु दुग्धपर्यायांचा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, आणि तान्ह्या बाळांच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. मला हा कायदा आवडतो. नाव चिठ्ठीवर येईल, तुमचे डॉक्टर लिहितील.

डबा महाग आहे, हे मान्य. तालुक्याच्या मेडिकलवर बरेचदा नसतो, जळगावहून नाहीतर नाशिकहून मागवावा लागतो. म्हणून घरात काय होतं? माप कमी घालतात, डबा पुरवून पुरवून वापरतात. बाळाला पाणी मिळतं, अन्न मिळत नाही. परवडत नसेल तर तोंड उघडून सांगा. सहा महिन्यांवरच्या बाळाचं दूधाशिवायचं वरचं खाणं नीट बसवलं, तर डब्याचा भार कमी करता येतो. पण ते आहारतज्ज्ञाबरोबर बसून, दर आठवड्याला वजन करून.

वरचं खाणं निघालं तर आपल्या भागासाठी एक गंमत सांगतो. एफपाइज फक्त दुधाने होत नाही. घन पदार्थांत जगभर ज्याचं नाव सतत येतं तो आहे तांदूळ! ज्या भाताच्या पेजेला आपण सगळ्यात हलकी म्हणतो तीच. ओट्स, अंडं, मासे हेही आहेत. २०१७ मध्ये एफपाइजसाठी पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात सुरुवातीच्या पदार्थांची धोक्यानुसार यादी दिलीय. तिथं तांदूळ जास्त धोक्याच्या रकान्यात, केळंही त्याच रकान्यात, आणि भरडधान्यं कमी धोक्याच्या. रावेर-यावलच्या केळीवाल्यांनो, रागावू नका! साध्या बाळाला केळं खुशाल द्या, त्याच्यासारखं सोयीचं फळ नाही. हे फक्त ज्या बाळाला एफपाइज झालाय त्याच्यापुरतं. त्याची सुरुवात केळ्याने आणि पेजेने न करता लाल भोपळा, फ्लॉवर, नाचणी, बाजरी अशी करता येते. एका वेळी एकच नवा पदार्थ, सकाळी, थोडा. चार-पाच दिवस गेले की पुढचा. संध्याकाळी नवीन काही देऊ नका. झटका आला तर तो रात्रीचा येईल, आणि रात्री गाडी शोधायची पंचाईत.

आता तिसरा चेहरा, आणि इथं मला सातपुड्याकडे बघून बोलायचंय. या प्रकारात झटका नसतो. आठवडेच्या आठवडे पातळ शी, अधूनमधून उलटी, पोट फुगलेलं, वजन घसरत जातं, रक्त कमी, कधी पायावर सूज. लहान आतड्याच्या आतली अन्न शोषणारी लव झिजून सपाट होते. धडगाव-अक्कलकुव्यात असं बाळ दिसलं की कुपोषण म्हणून पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करतात, आणि ते बरोबरच आहे, कारण बहुतेक वेळा कारण भूक आणि जंतुसंसर्ग हेच असतं. पण तिथं जो एफ-७५ आणि नंतर एफ-१०० आहार देतात, तो दुधाच्या पावडरीपासून बनतो. शंभरातलं एखादं बाळ असं निघतं की ज्याला आहार जितका नीट पाजावा तितके जुलाब वाढतात. आशाताई, नर्सताई, तुमच्यापैकी कुणी बघत असाल तर अशा बाळाच्या आईवर 'तू बाहेरचं देतेस' म्हणून संशय घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, दुधाशिवायचा आहार देऊन बघायचा का? मोठ्या केंद्रात दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासता येतो. दूध थांबवल्यावर वजन चढायला लागणं, हाही पुरावाच आहे.

आता ज्या आईला दूध बंद सांगितलंय, तिच्यासाठी. सगळ्यात अवघड काय जातं माहितीय? चहा. दूध-दही, ताक, पनीर, पेढा सुटतं, पण सकाळचा चहा सुटत नाही, आणि "कपभर चहात कितीसं दूध असतं" असं म्हणून तो चालू राहतो. मग पंधरा दिवसांनी "पथ्य केलं, फरक नाही पडला." कोरा चहा प्या, नाहीतर दोन आठवडे सोडा. साजूक तुपात प्रथिनं नगण्यच, पण कढवताना कण उरतात, म्हणून पहिल्या कडक पथ्यात तेही नको. डिंकाचे लाडू शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलात वळता येतात, चव वेगळी लागते, पण लागतात. अळीव दुधात न शिजवता नारळाच्या दुधात शिजवा.

बाकी खान्देशी स्वयंपाक या पथ्याला उलट फार सोयीचा आहे. कळण्याची भाकरी, भरीत, उडदाची डाळ, ठेचा, शेवभाजी, यात दूध कुठंच नाही. वरण-बट्टीवर तूप तेवढं घालू नका. कॅल्शियम मात्र जेवणातून पुरणार नाही, रोज १००० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, सोबत ड जीवनसत्त्व. गोळ्या लिहून घ्या आणि घ्या. बाळासाठी पथ्य करताना आईची हाडं झिजायला नकोत.

आणि पाकीट वाचायला शिका. (बिस्किटाचा पुडा कॅमेऱ्याजवळ धरतो.) हे बघा, पुढे गव्हाचं चित्र, दुधाचा थेंबसुद्धा नाही. मागे वळवा. बारीक अक्षरात: मिल्क सॉलिड्स. दुसरीकडे व्हे पावडर, सोडियम केसिनेट असंही लिहिलेलं असतं. हे सगळं दूधच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार पदार्थात दूध असेल तर पाकिटावर ॲलर्जीची सूचना वेगळी द्यावी लागते, इंग्रजीत 'कंटेन्स मिल्क' अशी. तेवढे दोन शब्द घरातल्या प्रत्येकाला ओळखता आले पाहिजेत. आजोबांना विशेषतः, कारण चहात बुडवलेलं बिस्कीट बाळाच्या तोंडात जातं ते त्यांच्याच हातून!

एफपाइजच्या बाळाची एक चिठ्ठी नेहमी सोबत हवी. डॉक्टरांची सही-शिक्का असलेली, मराठीत आणि इंग्रजीत: या बाळाला अमुक पदार्थाचा एफपाइज आहे, उलट्या आणि मलूलपणा असेल तर आधी शिरेतून सलाइन द्या. लॅमिनेट करून एक आईच्या पर्समध्ये, एक मामाच्या घरी. रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या नव्या डॉक्टरला तुम्ही तोंडी कितीही समजावलं, तरी ते पटायला वेळ जातो.

किती दिवस चालणार हे? दुधाचा एफपाइज असलेली बहुतेक मुलं तीन ते पाच वर्षांची होईपर्यंत त्यातून बाहेर पडतात, पुष्कळशी त्याच्या आधीच. रक्ताच्या रेघेवाली तर वर्षाच्या आसपास. म्हणून पथ्य सुरू करताना मी चिठ्ठीवर दोन तारखा लिहितो, बंद कधीपासून आणि पुन्हा तपासायचं कधी. दुसरी तारीख नसलेलं पथ्य घेऊन कुणी घरी जाऊ नये.

सौम्य प्रकारात दूध परत आणताना घरीच पायरी-पायरीने जाता येतं: आधी भाजलेल्या बिस्किटातलं थोडं, मग पॅनकेकसारखं, मग दही, मग दूध. एफपाइजमध्ये ही शिडी घरी चढायची नाही, अजिबात नाही. शेवटच्या झटक्यानंतर साधारण १२ ते १८ महिने गेले की दवाखान्यात भरती होऊन, शिरेची सुई लावून किंवा लावायची तयारी ठेवून, मोजलेला डोस देतात आणि नंतर किमान चार तास बाळावर नजर ठेवतात. त्या दिवशी बाळाला सर्दी, ताप, जुलाब काहीही असेल तर यायचं नाही, नवीन तारीख घ्यायची. येताना घरी ज्या दुधाने त्रास झाला होता तेच दूध आणा, चिठ्ठी आणा, बाळाचे दोन जास्तीचे कपडे आणा. आणि आजीला घेऊन या.